'दहा मिनिटांत, शून्य धोका' : एएफ ॲब्लेशनच्या फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. विषय आहे एट्रियल फिब्रिलेशन (एएफ), म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आजार, आणि त्यावरची ॲब्लेशन ही प्रक्रिया. आशय असा: "एट्रियल फिब्रिलेशनवर पल्स्ड फील्ड नावाचं नवं तंत्र आलंय. जुन्या पद्धतींपेक्षा कितीतरी यशस्वी. दहा मिनिटांत काम, धोका शून्य, आजार मुळापासून जातो, रक्त पातळ करायची गोळी लगेच बंद. जी हॉस्पिटलं अजून उष्णता किंवा बर्फाचा फुगा वापरतात तिथे पाऊल ठेवू नका."

यातल्या बहुतेक वाक्यांना खऱ्या गोष्टीचा थोडा आधार आहे, म्हणून ती पटतात. पल्स्ड फील्ड हे चांगलं तंत्र आहे आणि ते पुढे जाणार यात शंका नाही. पण हा मजकूर वाचून कोणी गोळी थांबवली तर लकव्याची वेळ येऊ शकते. कोणी ठरलेली तारीख रद्द करून 'नवं मशीन येईपर्यंत' थांबला तर मधल्या काळात अधूनमधून येणारा एएफ कायमचा होऊन बसू शकतो. म्हणून एकेक दावा तपासू.

आधी ॲब्लेशनमध्ये नेमकं काय करतात ते पाहू. एएफमध्ये अलिंदं, म्हणजे हृदयाचे वरचे दोन कप्पे, नीट आकुंचन न पावता नुसती थरथरतात. १९९८ मध्ये फ्रान्सच्या बोर्दो शहरातल्या मिशेल हायसागेर यांच्या गटाने ४५ पेशंटांच्या अभ्यासातून दाखवलं की ही थरथर सुरू करणाऱ्या ठिणग्यांपैकी ९४ टक्के फुप्फुसशिरांमधून येतात. या शिरा फुप्फुसातलं शुद्ध रक्त डाव्या अलिंदात आणतात, बहुधा चार असतात, आणि त्यांच्या तोंडाशी हृदयाच्या स्नायूची बाही आत गेलेली असते. तेव्हापासून ॲब्लेशनचा गाभा एकच आहे: प्रत्येक शिरेच्या तोंडाभोवती मृत पेशींचं अखंड कडं करायचं, म्हणजे आतली ठिणगी बाहेर येत नाही. उष्णता (रेडिओफ्रीक्वेन्सी), थंडी (क्रायोबलून, म्हणजे गोठवणारा फुगा) आणि विजेचे स्पंद (पल्स्ड फील्ड) ही ते कडं करण्याची तीन साधनं आहेत. काम तेच असेल तर यशात आकाश-पाताळाचा फरक पडायचं कारण नाही, आणि चाचण्यांमध्येही तसा तो पडलेला नाही.

"कितीतरी यशस्वी" हा पहिला दावा. २०१६ च्या 'फायर अँड आइस' चाचणीत ७६२ पेशंटांमध्ये रेडिओफ्रीक्वेन्सी आणि क्रायोबलून यांची थेट तुलना झाली. उपचार फसण्याचं वर्षभरातलं प्रमाण रेडिओफ्रीक्वेन्सीत ३५.९ टक्के आणि क्रायोत ३४.६ टक्के, म्हणजे बरोबरी. २०२३ च्या 'ॲडव्हेंट' चाचणीत ६०७ पेशंट होते. एका गटाला पल्स्ड फील्ड, दुसऱ्याला या दोन जुन्यांपैकी एक. वर्षाअखेर यश ७३.३ टक्के विरुद्ध ७१.३ टक्के. नवं तंत्र जुन्यापेक्षा कमी नाही एवढंच यातून सिद्ध झालं. २०२५ च्या 'सिंगल शॉट चॅम्पियन' चाचणीत मात्र २१० पेशंटांमध्ये पल्स्ड फील्डचं पारडं जड निघालं: ९१ ते ३६५ दिवसांच्या काळात एएफ परत येण्याचं प्रमाण ३७.१ टक्के, क्रायोबलूननंतर ५०.७ टक्के. हा फरक दखल घेण्याजोगा आहे. पण चाचणी लहान आहे आणि तुलना फक्त क्रायोशी, फक्त अधूनमधून येणाऱ्या एएफमध्ये आहे. शिवाय नव्या गटातल्याही तिघांपैकी एकाहून जास्त जणांना एएफ पुन्हा दिसलाच.

निम्म्या लोकांना परत येतो तर करायचं कशाला, असं या आकड्यांवरून वाटू शकतं. यश मोजतात कसं ते माहीत असलं की हा गोंधळ राहत नाही. चाचण्यांमध्ये ३० सेकंदांची एक खेप दिसली तरी 'परत आला' अशी नोंद होते. छातीच्या त्वचेखाली बसवलेला छोटा रेकॉर्डर अशा खेपा पकडतो, तीन महिन्यांनी काढलेला ईसीजी पकडत नाही. 'सर्का-डोस' या २०१९ च्या चाचणीत सगळ्या ३४६ पेशंटांना असा रेकॉर्डर होता. वर्षभर एकही खेप न आलेले लोक तिन्ही गटांत ५२ ते ५४ टक्केच होते, पण एएफमध्ये जाणारा एकूण वेळ ९८ टक्क्यांहून जास्त घटला. आठवड्यातून दोनदा चार-चार तास धडधड सोसणाऱ्याला वर्षातून एकदा पाच मिनिटं झाली, तर कागदावर तो अपयशी ठरतो. त्याला स्वतःला मात्र बरं वाटतं. म्हणून कोणी "आमचं यश ९० टक्के" म्हणालं की विचारावं: कशाने मोजलं, किती काळ मोजलं, आणि कुठल्या प्रकारच्या एएफमध्ये?

"दहा मिनिटांत" हे स्पंद देण्याच्या वेळेपुरतं खरं आहे. 'ॲडव्हेंट'मध्ये पूर्ण प्रक्रियेला सरासरी १०६ मिनिटं लागली, जुन्या पद्धतींना १२३. त्यानंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं असतं आणि बहुधा एक रात्र मुक्काम असतो.

आता "धोका शून्य". पेशंटचं खरं नुकसान करणारा दावा हाच आहे.

ॲब्लेशनमधले बरेचसे धोके ऊर्जेशी संबंधितच नसतात. जांघेतल्या शिरेतून जाड नळ्या आत जातात. तिथे चुकून धमनीला टोच लागली तर रक्ताची गाठ होते किंवा धमनी-शिरेचा आडमार्ग तयार होतो. सोनोग्राफी लावून शीर नेमकी दिसत असताना टोचलं तर हे कमी होतं. मग उजव्या अलिंदातून डाव्यात जायला मधल्या पडद्याला सुईने भोक पाडतात. सुई भलतीकडे गेली तर हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचून हृदय दाबलं जातं, त्याला टॅम्पोनाड म्हणतात, आणि ते रक्त तिथल्या तिथे सुईने काढावं लागतं. डाव्या बाजूला नळ्या असेपर्यंत रक्त पातळ करणारं हेपारिन देऊन रक्त गोठण्याचा वेळ ३०० सेकंदांच्या वर ठेवावा लागतो. तो घसरला की नळीवर गुठळी आणि तिथून थेट मेंदू. अलिंदाच्या कानासारख्या कप्प्यात गुठळी आधीच नाही ना, हे अन्ननलिकेतून केलेल्या इकोने किंवा सीटीने पाहून घ्यायचं असतं. हे सगळं तिन्ही पद्धतींत सारखंच आहे.

यानंतर प्रत्येक पद्धतीचे आपापले धोके येतात.

रेडिओफ्रीक्वेन्सीत कॅथेटरच्या, म्हणजे हृदयात सरकवलेल्या नळीच्या, साडेतीन मिलिमीटरच्या टोकातून प्रवाह जातो आणि स्नायू ५० अंश सेल्सिअसच्या वर तापून मरतो. टोकातून सलाइन झिरपत असतं, म्हणजे पृष्ठभागावर रक्त करपत नाही. कडं ठिपक्या-ठिपक्याने पूर्ण करायचं असतं: दोन ठिपक्यांत ६ मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको, टोकाचा दाब साधारण १० ते २० ग्रॅम, पुढच्या जाड भिंतीवर जास्त ऊर्जा, अन्ननलिकेला टेकलेल्या मागच्या भिंतीवर कमी. दाब कमी पडला तर त्या जागी नुसती सूज येते. त्या दिवशी शिरेचा विजेचा संबंध तुटलेला दिसतो, सूज उतरली की जोड पुन्हा जुळतो आणि काही महिन्यांत एएफ परत. ऊर्जा जास्त झाली तर स्नायूच्या आत वाफ होऊन तो 'पॉप' होतो आणि भिंत फाटू शकते. इथे हाताचं कसब सर्वांत जास्त लागतं. पण ही पद्धत कुठल्याही आकाराच्या शिरेला चालते, आणि दुसऱ्यांदा येणाऱ्या पेशंटमध्ये राहिलेली एखादी फट किंवा डाव्या अलिंदातला फ्लटर (वर्तुळात फिरणाऱ्या विजेने होणारी जलद धडधड) गाठायला ती फार उपयोगी पडते.

क्रायोत २८ मिलिमीटरचा फुगा शिरेच्या तोंडात बसवून नायट्रस ऑक्साइडने गोठवतात, बहुधा एका वेळी १८० सेकंद. फुगा चपखल बसला का हे शिरेत डाय सोडून पाहतात; डाय आत अडकून राहिला म्हणजे तोंड बंद आहे. बाजूने रक्त वाहत असेल तर तेवढा भाग गोठत नाही. डाव्या दोन शिरा एकाच रुंद तोंडाने उघडत असतील तर फुग्याला अडचण होते. उजव्या वरच्या शिरेजवळून श्वासपटलाची फ्रेनिक नर्व्ह जाते, म्हणून उजवीकडे गोठवताना त्या नर्व्हला सतत विजेने चेतवत पोटावर हात ठेवून श्वासपटलाची उडी तपासतात. उडी मंदावली की फुगा लगेच सोडायचा. 'फायर अँड आइस'मध्ये क्रायो गटातल्या २.७ टक्के पेशंटांना घरी जाताना ही इजा होती, वर्षाअखेर ०.३ टक्के उरली.

दोन्ही जुन्या पद्धतींचा सर्वांत भयंकर धोका म्हणजे अलिंद आणि अन्ननलिका यांच्यात भोक पडणं. साडेपाच लाखांहून अधिक प्रक्रियांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत त्याचं प्रमाण रेडिओफ्रीक्वेन्सीत ०.०३८ टक्के आणि क्रायोत ०.००१५ टक्के निघालं. अतिशय दुर्मीळ, पण ज्यांना झालं त्यांच्यापैकी सुमारे दोन तृतीयांश दगावले. हे भोक दोन ते चार आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनीही डोकं वर काढतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून मुंबईत येऊन ॲब्लेशन करून गेलेला पेशंट तोवर गावी असतो. ताप, छातीत दुखणं, गिळताना त्रास, अचानक बोलण्यात किंवा हातापायात फरक, यातलं काही झालं तर तिथल्या डॉक्टरांना सांगायचं: "अमुक तारखेला डाव्या अलिंदाचं ॲब्लेशन झालंय, एंडोस्कोपी नको, छातीचा सीटी करा." एंडोस्कोपीत सोडलेली हवा त्या भोकातून हृदयात आणि तिथून मेंदूत जाऊन जीव घेऊ शकते. हे वाक्य डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहून मागावं.

पल्स्ड फील्डचं मोठेपण नेमकं इथे आहे. सुमारे २,००० व्होल्टचे, मायक्रोसेकंदांचे स्पंद पेशींच्या पडद्याला छिद्रं पाडतात. हृदयाच्या स्नायूपेशी ज्या क्षेत्राला मरतात त्याला अन्ननलिका आणि नर्व्ह बहुतांशी टिकून राहतात. १७,६४२ पेशंटांच्या २०२४ च्या नोंदणीत अन्ननलिकेचं एकही भोक नव्हतं, फुप्फुसशीर आक्रसण्याचा किंवा फ्रेनिकच्या कायमच्या इजेचा एकही प्रकार नव्हता. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा हेच कुठेतरी वाचलं असावं. पण त्याच नोंदणीत मोठी गुंतागुंत ०.९८ टक्के पेशंटांना झाली: टॅम्पोनाड ०.३६, रक्तवाहिनीला इजा ०.३०, पक्षाघात ०.१२, आणि मृत्यू ०.०३ टक्के. दर शंभरात जवळपास एक, याला शून्य म्हणता येत नाही.

आणि या तंत्राने दोन नव्या अडचणीही आणल्या. ज्या स्पंदाने स्नायूपेशी फुटते त्याने तांबड्या रक्तपेशीही फुटतात. कॅथेटर भिंतीला नीट टेकलेला नसेल तर ऊर्जा रक्तातच खर्च होते, मग आणखी स्पंद द्यावे लागतात आणि आणखी पेशी फुटतात. सुटलेलं हिमोग्लोबिन मूत्रपिंडात अडकतं. वरच्या नोंदणीत यामुळे डायलिसिस लागलेले ०.०३ टक्के होते. म्हणून स्पंदांची संख्या मोजकी ठेवणं आणि सलाइन पुरेसं देणं महत्त्वाचं. लघवी गडद लाल किंवा कोलासारखी झाली तर सिस्टरना लगेच सांगावं. क्रिएटिनिन आधीच वाढलेलं असेल तर हा विषय आदल्या दिवशीच काढावा. दुसरी अडचण हृदयधमनीला येणाऱ्या आकुंचनाची. फुप्फुसशिरांपाशी ती सहसा येत नाही. झडपेजवळ मृत पेशींची रेषा मारताना धमनी अगदी लगत असते, तिथे नायट्रोग्लिसरीन हाताशी ठेवूनच काम करतात.

'पल्स्ड फील्ड' हे एकच यंत्र आहे असंही मेसेज गृहीत धरतो. प्रत्येक कंपनीच्या कॅथेटरचा आकार वेगळा, स्पंदांची ठेवण वेगळी. वरची १७,६४२ पेशंटांची नोंदणी आणि 'ॲडव्हेंट' या दोन्ही फॅरापल्स या एका कॅथेटरच्या आहेत. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅरिपल्स या दुसऱ्या कॅथेटरचा अमेरिकेतला वापर मेंदूच्या रक्तवाहिन्यांशी संबंधित घटनांच्या तपासासाठी कंपनीने स्वतःच थांबवला होता आणि पुढच्या महिन्यात पुन्हा सुरू केला. एकाचे आकडे दुसऱ्याच्या खात्यावर लिहिता येत नाहीत. आपल्यासाठी कुठला कॅथेटर वापरणार, हे नावानिशी विचारायचा पेशंटला पूर्ण हक्क आहे.

"मुळापासून जातो." अधूनमधून येणाऱ्या एएफमध्ये निकाल चांगले, सात दिवसांहून जास्त टिकणाऱ्यात कमी, वर्षभर सलग चाललेल्यात आणखी कमी. टिकून राहणाऱ्या एएफमध्ये शिरांपलीकडे जादा रेषा मारून फायदा होतो का, हे 'स्टार एएफ २' चाचणीत ५८९ पेशंटांवर तपासलं, झाला नाही. उंच रक्तदाब, वजन, झोपेत श्वास अडकणं आणि दारू तशीच राहिली तर अलिंद पुन्हा बिघडतं, कडं कितीही छान केलेलं असो. घोरणाऱ्या जाड्या माणसाची स्लीप स्टडी न करता थेट ॲब्लेशनची तारीख देणं हे अर्धवट काम आहे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत धडधड झाली तर घाबरायचं कारण नाही. ती बहुधा सुजेची असते आणि अपयशात धरत नाहीत.

आपल्याकडे आणखी एक मोठा गट आहे, ज्याचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही: लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप आक्रसलेले पेशंट. परळ-शीवच्या सार्वजनिक रुग्णालयांच्या ओपीडीत ते नेहमी दिसतात. त्यांचा एएफ झडपेमागे तुंबलेल्या दाबाने येतो. आधी झडपेचा विचार, झडप रुंद करणाऱ्या फुग्याने किंवा शस्त्रक्रियेने, आणि मग बाकीचं. वर दिलेले यशाचे आकडे या पेशंटांचे नाहीत.

"गोळी लगेच बंद" हे चूक आहे, आणि धोकादायक आहे. ॲब्लेशनच्या दिवशीही गोळी बहुधा पूर्ण तोडत नाहीत. फार तर सकाळचा एक डोस मागेपुढे करतात, तोही डॉक्टरांनी सांगितला तरच. नंतर निदान दोन ते तीन महिने प्रत्येकाने घ्यायचीच, धोका कमी असला तरी. आतल्या अस्तराला जखमा असतात, अलिंद काही आठवडे सुस्त असतं, आणि गुठळीला तेवढं पुरतं. पुढचा निर्णय नाडी नीट झाली का यावर नसतो. वय ६५ किंवा ७५ च्या वर, रक्तदाब, मधुमेह, हार्ट फेल्युअर, आधीचा पक्षाघात, धमन्यांचा आजार यांच्या गुणांवर तो ठरतो. २०२५ मध्ये 'अलोन-एएफ' आणि 'ओशन' या दोन चाचण्यांनी दाखवलं की ॲब्लेशननंतर किमान वर्षभर एएफ न दिसलेल्या निवडक पेशंटांमध्ये गोळी थांबवण्याचा विचार होऊ शकतो. वर्षभर आणि निवडक हे दोन्ही शब्द महत्त्वाचे. मायट्रल झडप आक्रसलेली असेल किंवा धातूची झडप बसवली असेल तर वॉर्फरिन किंवा ॲसिट्रॉमच चालू ठेवावी लागते. २०२२ च्या 'इन्व्हिक्टस' चाचणीत संधिवाताच्या झडपेच्या साडेचार हजारांहून अधिक पेशंटांत रिव्हारोक्साबन या नव्या गोळीपेक्षा जुन्या गोळीने कमी मृत्यू झाले. गोळी चालू असताना केमिस्टकडून स्वतःच डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका. रक्तस्रावाचं ते नेहमीचं कारण आहे.

राहिला "तिथे पाऊल ठेवू नका". रेडिओफ्रीक्वेन्सी वर्षानुवर्षं सफाईने करणारा इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्ट (हृदयाच्या ठोक्यांचा तज्ज्ञ) आणि नवं यंत्र नुकतंच हाती घेतलेला, यांत पहिल्याकडे जाणं कमीपणाचं अजिबात नाही. विचारायचं ते असं: तुम्ही स्वतः दर महिन्याला किती एएफ ॲब्लेशन करता, टॅम्पोनाड झाला तर हार्ट सर्जन इमारतीत असतो का, जांघेत सोनोग्राफी लावता का, माझ्या शिरांची ठेवण सीटीत कशी दिसते. खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि त्यात कॅथेटर, मॅपिंग (हृदयातल्या विजेचा नकाशा), इंट्राकार्डियाक इको (हृदयाच्या आतून सोनोग्राफी) धरलंय की वेगळं, हे स्पष्ट करून घ्या. सरकारी योजनेत बसतं का, हे हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडे आधी तपासा. घरी गेल्यावर आठवडाभर जड पिशव्या नकोत, लोकलची गर्दी आणि स्टेशनचे पूल टाळा, चाळीत लिफ्ट नसेल तर जिना दिवसातून एकदाच आणि सावकाश. जांघेतून रक्त आलं तर लगेच आडवं होऊन तिथे दहा मिनिटं घट्ट दाबून धरायचं. तरीही थांबलं नाही किंवा सूज वाढत गेली तर १०८ वर फोन करायचा.